प्रत्यक्ष पाहून नोंदवले

सोमवार, ३ जुलै
सकाळी, चहा झाल्यावर

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. तूही बरी असशील असं पुढे लिहिणार होतो, पण लेक परवा तुझ्याकडे जाऊन आली. तिनं जे सांगितलं त्यावरून तू बरी नाहीस हे मला कळलंय. तेव्हा ते वाक्य गाळतो.

बाग ओलांडली की तुझं घर. पंधरा मिनिटांची चाल, माझ्या गुडघ्यांची वीस धर. एवढ्याशा अंतरासाठी कुणी पत्र लिहितं का? "दादा, तुझं आपलं काहीतरीच," असं तू म्हणशील. पण काही गोष्टी मला तोंडानं जमत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? प्रगतिपुस्तकात लाल रेघ आली की मी ते बाबांच्या उशाशी ठेवून पसार व्हायचो. मग "दादा पाण्याच्या टाकीमागे आहे" हे त्यांना तू सांगायचीस. विचारलं तरच सांगायचीस, पण विचारल्यावर खोटं कधी बोलली नाहीस. तेव्हा मला तुझा राग यायचा.

हे पत्र तसंच उशाशी ठेवलेलं समज.

इकडची खबरबात म्हणशील तर दाढेचं दुखणं तसंच आहे. गारगार काही तोंडात घेतलं की कानापर्यंत कळ जाते. दाताचा डॉक्टर म्हणतो काढून टाका, मी म्हणतो चौऱ्याहत्तर वर्षं संसार केलाय तिच्याशी, थोडं थांबू या. समोरच्या इस्त्रीवाल्यानं दुकानाला हिरवा रंग दिला, इतका हिरवा की सकाळी खिडकी उघडली की डोळे मिटावे लागतात. कुंडी छान आहे. ती बक्षिसाची. तिला नवी तीन पानं फुटली. खरं सांगतो, तिनं वाळावं म्हणून मी मधे चार दिवस पाणी घातलं नाही. ती तरीही वाढतेच आहे. निर्लज्ज झाड.

पत्रास कारण की...

हे तीन शब्द लिहून पेन खाली ठेवलं होतं. मधे खिडकीशी जाऊन आलो.

शाळेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं दाखले लिहिले, हे काही तुला नव्यानं सांगायला नको. पण एक गोष्ट तुला कधी नीट सांगितलेली नाही. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे चौथीचा वर्ग होता. रोज दुसऱ्या तासाला चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. एकतीस वर्षं, त्याच कविता. पुस्तकं बदलली, बाई बदलल्या, पण त्या सगळ्या एकाच शाळेत घडलेल्या असाव्यात, चाल तीच. कवितेचा चेहरा मी पाहिलाच नाही, फक्त भिंतीतून आलेला आवाज. दाखल्यावर जन्मतारीख लिहिता लिहिता मी ओठांनी म्हणत असायचो. नावाड्याची कविता, मेंढ्या हरवलेल्या म्हातारीची, ती सोळा कडव्यांची लांबलचक. तुझी वहिनी म्हणायची, "तुम्हाला पगार दाखल्यांचा मिळतो की पाठांतराचा?"

म्हणून मार्चमध्ये बागेतल्या त्या खाद्यमेळाव्याच्या पत्रकावर "ज्येष्ठांसाठी शालेय कवितांचे पाठांतर, दुपारी एक ते तीन, बँडस्टँड" असं वाचलं तेव्हा मी किती हरखलो ते तू पाहिलं होतंस. तूच म्हणालीस, "जा रे दादा, नाव दे. आम्ही आहोत ना दोघी, मी फळांच्या गाडीवर, लेक भाताच्या."

आज इथेच थांबतो. हात दुखतो म्हणणार होतो, पण हात दुखत नाहीये.


मंगळवार, दुपार

कालचा कागद फाडायचा विचार होता. फाडला नाही. पुढे लिहितो.

तुझ्या गाडीचा परवाना बागेच्या कचेरीनं एप्रिलमध्ये रद्द केला. त्याला आता तीन महिने होतील. तेवढे दिवस तू इकडे फिरकली नाहीस आणि मीही तिकडे आलो नाही. तू आली नाहीस कारण तुला तोंड दाखवायची लाज वाटते, असं लेक सांगते. तुझ्या फळांनी अकरा माणसं आजारी पडली, पाठांतराच्या परीक्षक बाईंना दोन दिवस सलाईन लावावं लागलं, हे तू मनाला लावून घेतलंयस. बर्फाची पेटी विकलीस. हात धुऊन धुऊन बोटांना चिरा पडल्यात. परवा लेकीपुढे केळी ठेवलीस आणि म्हणालीस, "तूच सोल ग बाई. माझा हात नको लागायला."

मी का आलो नाही, ते सांगतो. पण मला ते पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर मी मधला तुकडा गिळून टाकीन. मला माझी खोड माहीत आहे.

त्या रविवारी लेकीनं मला एकच काम दिलं होतं. बाकी सगळं तिचं. उकडलेला भात, वर भाज्यांचं गरम सूप, पुढे रांग. बागेच्या कचेरीचे नियम तर तुम्हा दोघींना पाठच होते. परवाना गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगलेला, हात धुवायची टाकी नळासकट, केसांना टोपी, खाण्यावर झाकण. गरम ते साठ अंशांच्या वर आणि गार ते पाचाच्या खाली. दर तासाला थर्मामीटर आत टोचायचा, आकडा तक्त्यात लिहायचा. शेवटच्या रकान्यात छापलेलं असतं, "प्रत्यक्ष पाहून नोंदवले," त्यापुढे सही. "बाबा, तुमचं अक्षर छान, तक्ता तुमच्याकडे," असं लेक म्हणाली आणि मी शाळेतल्यासारखा ताठ बसलो.

अकराला टोचला, अडुसष्ट. बाराला टोचला, सदुसष्ट. हे दोन आकडे खरे आहेत. पानावर एवढंच खरं आहे.

पाठांतर एकला सुरू होणार होतं. पावणेएकला मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि तक्त्याकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच, असे पाच रकाने कोरे. मी दोन तास असणार नाही. लेकीला सांगितलं तर तिच्या डोक्याला आणखी एक ताप, तिच्यापुढे पंधरावीस माणसं. भात तर गरम आहे, शेगडी पेटलेली आहे, त्याला काय होतंय! असं म्हणून मी पेन काढलं आणि पाचही रकाने भरून टाकले.

आता जे लिहितो ते लिहिताना मला या वयात घाम फुटलाय. मी सगळीकडे एकच आकडा टाकला नाही. चौसष्ट, सहासष्ट, त्रेसष्ट, पासष्ट, चौसष्ट. एक वर, एक खाली. ओळ म्हणून पाहिली, मनात म्हणून बघितली, त्रेसष्टच्या जागी आधी बासष्ट होतं ते खटकलं म्हणून पेन कागदाला लागायच्या आत बदललं. खारू, मी त्या खोट्या आकड्यांना चाल लावली. आणि ती जमली म्हणून मला बरं वाटलं! पुढे पाच सह्या केल्या. "प्रत्यक्ष पाहून नोंदवले" च्या पुढे. शेपटीसकट.

मग मी बँडस्टँडवर गेलो.

तिथे काय झालं ते तुला माहीत आहे, मी चार जणांना चारदा सांगितलंय. सोळा कडवी, एकही न अडखळता. डोळे मिटले की मला ती भिंत दिसत होती, तिच्या पलीकडचा वर्ग ऐकू येत होता. परीक्षक बाई, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. उत्तेजनार्थ कुंडी मिळाली. ती काखेत मारून मी सव्वातीनला परत आलो, आणि तुझ्या गाडीवरून जाताना तू ओरडलीस, "काय कविराज! काढा पेढे!" तुझ्या हातात तेव्हा तुझा तक्ता होता, कपाळावर आठी होती. मी विचारलं, "काय ग?" तू म्हणालीस, "दोन वाजता नऊ आला रे. बर्फ वितळला होता. तो डबा ओतून टाकला सगळा, नवा बर्फ घातला."

"मग लिहिलंस कशाला नऊ? आता तर गार आहे ना?" असं मी विचारलं. आठवतं?

तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं काही मी दुसऱ्याच भाषेत बोललो. "नऊ होतं म्हणून नऊ लिहिलं."

तो नऊ मी पाहिला. अजूनही तसाच काढतेस, पोट मोठं आणि शेपूट आखूड. पाटीवर तुझा हात धरून मी तुझ्याकडून गिरवून घेतला होता तो. तू उलटा काढायचीस आणि रडायचीस.

कचेरीतल्या चौकशीत त्याच नऊवर बोट ठेवलं. अकराही जणांनी दोन्ही गाड्यांवर खाल्लं होतं, आधी लेकीचा भात, मग शेजारी तुझी फळं. भात सगळा खपलेला, तपासायला दाणा उरला नव्हता. तुझी उरलेली फळं तपासली, त्यातून धड काही निघालं नाही. राहिले दोन तक्ते. एकात नऊ, एकात चाल.

"नऊ अंश तुम्हीच लिहिलंत?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"हो."

"मग ती फळं विकली नाहीत कशावरून?"

"ओतून टाकली."

"कुणी पाहिलं?"

"मी सांगते ना."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. लेक शेजारी. तू एकदा वळून माझ्याकडे पाहिलंस, कारण डबा ओतल्याचं तू मला त्याच दिवशी सांगितलं होतंस. मी उठून तेवढं तरी सांगू शकलो असतो. मी वर पंख्याकडे पाहत राहिलो. त्याच्या एका पात्याला जळमट लागलं होतं, ते गोल गोल फिरत होतं, इतकं मला आठवतं. आणि बाईंनी आमचा तक्ता उचलून धरला. म्हणाल्या, "माझ्या नोकरीत असा तक्ता मी पाहिला नाही. याला म्हणतात नोंद." तू सुद्धा मान हलवलीस. "दादाचं अक्षरच तसं आहे," असं म्हणालीस. बोलून चालून आरोपीच्या खुर्चीत बसलेली तू, आणि कौतुक माझ्या अक्षराचं.

मला वाटलं होतं एवढं लिहिलं की सुटेन. नाही सुटलो. अजून एक आहे. ते आज लिहिणं होत नाही.


गुरुवार, सकाळ

काल सगळा दिवस गेला, तो कसा गेला ते शेवटी सांगतो. आधी राहिलेलं.

सव्वातीनला मी गाडीमागे गेलो. मागच्या मोठ्या पातेल्यातून लेक पुढे भात नेत होती. पातेल्याखालची शेगडी विझलेली होती. गॅसची छोटी टाकी संपली होती, कधी संपली देव जाणे, बहुतेक एकच्या सुमारास. लेकीला कळायचं कारण नाही. ती वाढत होती, वर वाफाळतं सूप ओतलं की वाढणाऱ्यालाही कळत नाही, खाणाऱ्यालाही कळत नाही. कळायला हवं होतं थर्मामीटर टोचणाऱ्याला, आणि तो बँडस्टँडवर डोळे मिटून उभा होता.

मी थर्मामीटर टोचला. एकेचाळीस.

तक्त्यात तीन वाजताच्या रकान्यात त्रेसष्ट होतं, खाली माझी सही होती.

पुढून लेकीनं हाक मारली, "बाबा, बघितलं ना?"

मी म्हणालो, "हो ग. छान आहे."

हे मी तेव्हा म्हणालो, खारू. पावणेएकला मी भोंगळ होतो, गाफील होतो, काय म्हणशील ते होतो. पण सव्वातीनला मला माहीत होतं. भात काढून घ्यायला लावला असता तर पुढच्या अर्ध्याअधिक माणसांच्या पोटात तो गेला नसता. मी टाकी बदलली, शेगडी पेटवली, चार वाजेपर्यंत भात पुन्हा सहासष्टवर आणला आणि मनाला सांगितलं, झालं, आला जागेवर. कोमट राहून बिघडलेला भात पुन्हा तापवून सुधारत नाही, हे आपल्या प्रशिक्षणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी पहिल्या रांगेत बसून टिपून घेतलं होतं. सुवाच्य.

आणि टाकी बदलायच्या आधी मी त्या पातेल्यातून ताटलीभर भात घेऊन खाल्ला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला काही झालं नाही तर कुणालाच काही होणार नाही, असा काहीतरी पोरकट हिशोब असावा. तुझी फळं मी त्या दिवशी तोंडात घातली नाहीत. दाढ. गार मला चालत नाही, तुला माहीत आहे. तू मला वाटी देऊ केलीस आणि मी "नको ग" म्हणालो, तेही तुला आठवत असेल.

साडेसहाला घरी पोचल्यावर मला उलट्या सुरू झाल्या. नऊ वेळा. लेक लिंबूपाणी घेऊन दाराशी उभी. "काय झालं बाबा?" मी म्हणालो, "ऊन लागलं."

तुझ्या फळाची फोड माझ्या पोटात नव्हती. भात होता. तिकडे अकरा जण दवाखान्यात जात होते, तेव्हाच मला कळलं होतं दोष कुणाचा. चौकशीच्या दिवशीही माहीत होतं. तुझ्या बोटांना चिरा पडत होत्या त्या प्रत्येक दिवशी माहीत होतं. बारावा मी होतो. मी सांगितलं असतं तर एका वाक्यात चौकशी फिरली असती. मी बाराव्याला लपवून ठेवला.

इतके दिवस मी स्वतःशी म्हणत होतो की लेकीसाठी गप्प बसलो. तिचा नवीन धंदा, तिची उमेद, आई नसलेली पोर. फार छान वाटायचं असं म्हणायला. काल तेही गेलं.

काल दुपारी ती झाकणं पुसत होती. म्हटलं, "बोलायचंय जरा."

"बोला ना. कान रिकामेच आहेत."

मी सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, गाळलं नाही. तिनं झाकण खाली ठेवलं.

"किती होता?"

"एकेचाळीस."

"आणि लिहिलेला?"

"त्रेसष्ट."

"आणि तुम्ही खाल्लात." ती उपड्या पातेल्यावर बसली. "मी तुम्हाला तीन दिवस डोक्यावर टोपी घालून हिंडायला लावलं, बाबा. ऊन लागलं म्हणून."

तिनं खाली ठेवलेलं झाकण मी उचलून पुसायला लागलो.

"आत्यानं मला भाताचं पाणी बोटाच्या पेरानं मोजायला शिकवलं. परवान्याच्या अर्जाला जामीन कोण राहिली? आत्या. आणि मी परवा तिच्याकडे बसून तिला समजावत होते, जाऊ दे ग, चुका होतात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाचवलं असं वाटतं ना तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "मला माझी कुंडी वाचवायची होती."

तिला हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. उठून आत गेली. आज सकाळी माझा चहा टेबलावर झाकून ठेवलेला होता आणि शेजारी तिचा परवाना, प्लास्टिकच्या पाकिटातून काढलेला. वर चिठ्ठी: "अर्जाला जोडा. मी येते बरोबर." पुढच्या महिन्यातल्या दोन मेळाव्यांत तिची जागा ठरलेली होती. ती जागा जाईल. परवानाही वर्षभर तरी जाईल.

मी काल संध्याकाळी कचेरीत फेरविचाराच्या अर्जाचा नमुना आणायला गेलो होतो. तू गेल्या तीन महिन्यांत त्या पायऱ्या चढली नाहीस, म्हणून तुला माहीत नसेल. दारातून आत गेलं की डाव्या हाताला सूचनाफलक आहे. त्यावर काचेखाली आमचा तक्ता लावलाय. वर लाल शाईनं "आदर्श नमुना". नव्या परवान्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात. मी उभा होतो तेव्हा एक भुट्टेवाली त्यापुढे उभी राहून रकाने समजून घेत होती, आणि निरीक्षकबाई तिला म्हणत होत्या, "हे बघा, असं भरायचं. किती सरळ आहे."

मी म्हटलं, "बाई, तो उतरवा."

"का हो काका?"

"शुक्रवारी सांगतो."

त्या हसल्या. "कवी माणसं! विनय फार." असं म्हणून त्यांनी मला अर्ज दिला, वर पाणी विचारलं.

आता कामाचं बोलतो, खारू. तुझ्या परवान्याच्या फेरविचाराची मुदत उद्या, शुक्रवारी संपते. माझी कबुली मी लिहून काढलीय, दोन पानं, लेकीचा परवाना आणि दवाखान्यात न गेलेल्या बाराव्याची हकिकत जोडून. पण नुसत्या माझ्या कागदावर तुझं प्रकरण पुन्हा उघडत नाही. अर्ज तुझा लागतो, सही तुझी लागते, आणि ती त्यांच्यापुढे बसून करावी लागते. अर्ज या पाकिटात आहे. तो मी भरलेला नाही. तुझं नावसुद्धा लिहिलेलं नाही, पेन हातात घेऊन ठेवून दिलं. पुन्हा कुणाचा रकाना मी भरणार नाही.

तुला यावंसं वाटणार नाही कदाचित. इतके दिवस तू स्वतःला दोषी मानून बसलीस, आणि आता दोषी दुसराच निघाला तर आधी राग येईल, आणि तो यायलाच हवा. माझ्यावर रागाव. हवं तर कचेरीत रागाव, सगळ्यांसमोर रागाव. मला तिथे कुणापासून लपायचं नाही. पण सही कर. त्या अकरा माणसांचं तुझ्या हातानं काही वाईट झालं नाही, हे तुझ्या हाताला कळू दे. आज संध्याकाळी एक सफरचंद काप आणि खा. एवढं माझ्यासाठी नको, तुझ्या हातासाठी कर.

परीक्षक बाईंकडे मी परवा, शनिवारी जाणार आहे. कुंडी घेऊन. ती त्यांनीच दिली होती, त्यांना परत करीन आणि का ते सांगीन. सोळा कडव्यांपेक्षा ते लांब पडणार नाही, पण मला वाटतं अडखळेन.

हे पत्र लेक घेऊन येतेय. ती दाराशी थांबणार नाही, तिला तुझ्याशी बोलायचंय, माझ्याबद्दल बरंच बोलायचं असेल. बोलू दे.

मी उद्या दहा वाजल्यापासून कचेरीत असेन. दारातून आत आलीस की डाव्या हाताला, त्या फलकाखालच्या बाकावर. बाबांनी विचारलं की "दादा कुठाय" हे नेहमी तुला सांगावं लागायचं. या वेळी मी टाकीमागे नाही. कुणी विचारायच्या आत मीच तुला सांगून ठेवतोय.

तुझा नऊ बरोबर होता.

वरील सर्व प्रत्यक्ष पाहून नोंदवले.

दादा